वॉचमनच्या केबिनमधली औषधपेटी (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

मेधा सी-५०३ (७:४१): सुप्रभातचे फोटो टाकून झाले असतील तर एक विचारू? केबिनमधल्या पेटीतून आमच्या अण्णांना सर्दीच्या गोळ्या कोणी दिल्या? शुक्रवारी रात्री अडीच वाजता लघवी तुंबली म्हणून त्यांना रिक्षात घालून न्यावं लागलं. नळी घालावी लागली. अजून आहे. मला भांडायचं नाहीये, फक्त नाव हवंय.

केदार बी-६०१ (७:४३): "भांडायचं नाहीये, फक्त नाव हवंय" 😬

केदार बी-६०१ (७:४३): सॉरी मेधाताई. कसे आहेत आता अण्णा?

मेधा: काल संध्याकाळी घरी आणलं. बरे आहेत. चिडलेत सगळ्यांवर.

सुलभाकाकू बी-३०४: अगंबाई! काल लिफ्टमध्ये भेटलीस तेव्हा बोलली नाहीस ती. असो, परक्यांना कशाला सांगायचं. मुगाची खिचडी पाठवते दुपारी.

मेधा: काकू, लिफ्टमध्ये अण्णा बरोबर होते हो. हातात ती पिशवी धरून. त्यांच्यादेखत काय सांगणार?

नाना ए-१०२ (७:५८): अण्णांबद्दल ऐकून फार वाईट वाटले. 🙏 परंतु पेटीला दोष देणे योग्य नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच पेटीमुळे सोसायटीत औषधे घरपोच मिळाली, सी विंगलासुद्धा. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल.

मेधा: नाना, मी पेटीला काहीच म्हटलं नाही. देणाऱ्याचं नाव विचारतेय.

राहुल सी-२०१: पण सर्दीच्या गोळीने लघवी कशी तुंबेल? काहीतरी वेगळंच असेल.

डॉ. समीर ए-२०३: तुंबते. श्रुती नीट सांगेल. मी दातांचा.

केदार: डॉक्टर, रेफर करायचे पैसे पडतात का यात?

श्रुती ए-४०४ (८:१२): रविवार आहे माझा, पण सांगते. या गोळ्यांत नाक गळायचं थांबवायला क्लोरफेनिरामिन असतं. ते नाक सुकवतं, डोळ्यांवर झापड आणतं आणि मूत्राशयाचा जोरही कमी करतं. नाक मोकळं व्हावं म्हणून त्यातच फेनिलएफ्रिन घातलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून बीपी चढतं, आणि मूत्राशयाच्या तोंडाशीही आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला दोन्हीकडून मार. अण्णांना प्रोस्टेटची गोळी आहे ना चालू?

मेधा: दोन वर्षं झाली. टॅमसुलोसिन, रात्री एक.

श्रुती: म्हणजे रात्रीची गोळी जे दार सैल करते तेच ही दिवसभर आवळत होती.

विद्याताई ए-३०१: बाई गं. आणि आपण चणेफुटाण्यासारख्या खातो.

नाना: यासाठीच पेटीवर स्पष्ट लिहिलेले आहे: "डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे." मी स्वतः स्केचपेनने लिहिले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच पेटीमुळे

नाना: सॉरी, अर्धाच गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच पेटीमुळे सोसायटीत औषधे घरपोच मिळाली.

केदार: नाना, पूर्ण आला तरी तोच आहे.

सेक्रेटरी: केदार, मोठ्यांशी बोलताना भान ठेवावे. बाकी सर्वांनी विषयाला धरून बोलावे.

भाऊ बी-१०३: विषय नाही पण बी विंगला सकाळपासून पाणी नाही. कोणी मोटर बघेल का?

मेधा (८:२९): मी अण्णांच्या उशाखाली काय सापडलं ते लिहिते. डोलो ६५०, दिवसातून तीन. ती घरातलीच, ताप होता म्हणून मीच दिली होती. सर्दीची गोळी, तीन. ती पेटीतली. आणि अंगदुखीची एक, दोन वेळा. ती कुठून आली देव जाणे. सर्दीच्या पट्टीचा कात्रीने कापलेला कोपरा फक्त आहे. त्यावर "कोल्ड" एवढंच वाचता येतं. आत काय आहे ते पट्टीच्या दुसऱ्या अर्ध्यावर, तो अर्धा पेटीत.

श्रुती: थांब, खाली जाऊन बघते.

डॉ. समीर: अंगदुखीची पांढरी लांबट आहे का? जूनमध्ये अण्णांना दाढेसाठी मी लिहून दिली होती. तीन दिवसांची.

मेधा: हो, लांबट. तीन दिवसांच्या गोळ्या ऑगस्टमध्ये कशा उरल्या?

डॉ. समीर: दुसऱ्या दिवशी ठणका थांबला असणार. उरलेल्या जपून ठेवल्या.

सुलभाकाकू: आमच्या पिढीला टाकवत नाही काही. हल्लीच्या मुलांना नाही कळायचं ते.

मेधा: कळलं काकू.

श्रुती (८:५१): खाली वॉचमनदादांसमोर पेटी उघडली. कापलेली पट्टी सापडली. पॅरासिटामॉल ५००, फेनिलएफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम. दाढेच्या गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आता डोलो म्हणजेही पॅरासिटामॉलच. हिशोब करा:
६५० × ३ = १९५०
५०० × ३ = १५००
३२५ × २ = ६५०
एकूण ४१०० मिलिग्रॅम, एका दिवसात.

केदार: आणि मर्यादा?

श्रुती: धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४०००. आपल्या अण्णांसारख्याला त्याहून कमी. वजन किती गं त्यांचं?

मेधा: ५२ किलो. वय ७६. बीपीची गोळीही आहे. हॉस्पिटलात मोजलं तेव्हा १७६ वर १०० होतं.

श्रुती: बीपी फेनिलएफ्रिनने चढतं आणि आयबुप्रोफेननेही. पॅरासिटामॉलचं भय वेगळं आहे. जास्त झालं तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. माणूस बरा दिसतो, फार तर थोडी मळमळ. लिव्हरचा त्रास दोन दिवसांनी डोकं वर काढतो, म्हणून "बरं वाटतंय" यावर विसंबू नका. त्याच्यावर औषध आहे, पण वेळेत पोचलं तर. तिथे तीनही गोळ्या दाखवल्यास ना?

मेधा: दाखवल्या. लिव्हरचा पहिला रिपोर्ट ठीक आलाय. उद्या परत रक्त द्यायचंय.

मेधा: आणि प्रश्न तसाच आहे. पेटीतली पट्टी कापून दिली कोणी?

नाना: ⏩ फॉरवर्डेड: *सावधान!! अमेरिकेने सर्दीच्या सर्व गोळ्यांवर बंदी घातली आहे!! भारतात मात्र सर्रास विक्री!! पुढे पाठवा!!*

केदार: नाना, याच गोळ्या पेटीत आहेत ना? मग पेटीही बंदी घातलेली झाली.

श्रुती: नाना, बंदी नाही घातली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडाने घेतलेल्या फेनिलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकायचा प्रस्ताव आला. मुद्दा उपयोग होत नाही हा होता, घातक आहे हा नाही. म्हणजे ज्या घटकाने बीपी चढायची भीती, त्यानेच नाक फारसं सुटत नाही. गोळी घेऊन बरं वाटतं ते पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि दुसऱ्याने झोप येते म्हणून.

श्रुती: आणि आपल्याकडचं विचाराल तर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. लेव्होसेट्रिझिन, फेनिलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल हे मिश्रण त्या यादीत होतं. पेटीत त्याचीही एक पट्टी आहे. मार्च २०२३ ला मुदत संपलेली.

सेक्रेटरी: 🙏 नोंद घेतली.

केदार: मिनिट्समध्ये का?

राहुल: श्रुती, एक विचारतो. आमच्या छकुलीला (अडीच वर्षं) नाक वाहिलं की आई सर्दीचे थेंब देते. पेटीतलेच. चालतात ना? झोप छान लागते तिला.

श्रुती: झोप लागते कारण त्यात गुंगी आणणारं औषध आहे, राहुल. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनच्या थेंबांवर "४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये" असं छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालाय. बाटलीवर बारीक अक्षरात असेल, नाहीतर बाटली त्याच्याही आधीची असेल. दोन्ही वाईटच. नाकात सलाइनचे थेंब घाल, पाणी-पेज पाज. ताप असेल तर पॅरासिटामॉल तिच्या वजनाप्रमाणे, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. थेंबांच्या बाटलीत एका मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, पातळ औषधात पाच मिलीला १२० किंवा २५०. चमचा आणि ड्रॉपर यांची अदलाबदल करू नका.

राहुल: आई बाजूला बसून वाचतेय. बोलत नाहीये.

सुलभाकाकू: ते मध्य प्रदेशात छिंदवाड्याला २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने लेकरं गेली ना, तेच का हे?

श्रुती: नाही काकू. त्या सिरपमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं होतं, तो कारखान्यातला गुन्हा. अण्णांच्या गोळ्यांत तसली भानगड नाही, एकच औषध तीन नावांनी पोटात गेलं.

सुलभाकाकू: म्हणूनच मी म्हणते, आलं-तुळस-गवती चहा. पण हल्ली विचारतंय कोण.

विद्याताई: मी नाक मोकळं करायचे थेंब नाकात घालते, ते तरी चालतात ना? झाली तीनेक वर्षं.

श्रुती: रोज??

विद्याताई: रात्रीच. नाहीतर नाक बंद.

श्रुती: विद्याताई, ते फार तर तीन ते पाच दिवस वापरायचे असतात. आता तुमचं नाक थेंबांचा असर संपला की त्यांच्यामुळेच बंद होतंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, खरंच.

केदार: विद्याताईंचं व्यसन उघड. ब्रेकिंग न्यूज.

विद्याताई: तुझी सिगारेट गच्चीवर कोण बघतं ते मला माहीत आहे, केदार.

केदार: 🙏🙏🙏

सेक्रेटरी: ताप असलेल्यांनी डेंग्यूचेही लक्षात घ्यावे. महापालिकेच्या लोकांना सी विंगच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या सापडल्या होत्या. फोटो मागे टाकला आहे.

मेधा: सी विंगच्या? ए विंगच्या गच्चीवरचं टायर कोणाचं होतं, सेक्रेटरी?

नाना: ते टायर बागेसाठी होते. सुशोभीकरण.

श्रुती: टायर राहू द्या. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. नुसतं पॅरासिटामॉल, तेही मोजून. म्हणूनही समीरच्या दाढेच्या गोळ्या आठवणीने बाहेर काढा.

डॉ. समीर: "समीरच्या दाढेच्या" नको गं म्हणूस, पेशंट वाचतात हा ग्रुप.

भाऊ बी-१०३: मोटर?

मेधा (१०:०६): तिसऱ्यांदा विचारते आणि मग सोडून देते. अण्णांना गोळी दिली कोणी? वॉचमनदादा म्हणतात त्यांनी फक्त किल्ली दिली. कोणाला, ते सांगत नाहीत.

सेक्रेटरी: मला वाटते हा विषय आता मीटिंगला घ्यावा.

मेधा: घ्या. पार्किंगचाही घेतला होता २०२२ मध्ये.

(१०:२४) *नाना ए-१०२ यांनी हा मेसेज डिलीट केला*

केदार: वाचला मी. पण बोलत नाही.

नाना (१०:३१): मेधा. गोळी मी दिली. गुरुवारी संध्याकाळी बाकावर बसले होते, सारखे शिंकत होते. मागच्या महिन्यात मला त्याच गोळीने गुण आला होता. मला प्रोस्टेटचा त्रास नाही, त्यामुळे डोक्यात आले नाही. चार कापून दिल्या. डोलो चालू आहे का हे विचारले नाही. विचारायला हवे होते.

(१०:३३) मेधा टाइप करत आहे…

मेधा सी-५०३ (१०:३८): मी अण्णा. मेधाच्या फोनवरून. नानाने विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नाही. मला वाटलं ताप वेगळा आणि सर्दी वेगळी, तर गोळ्याही वेगळ्या. नानाने चारच दिल्या. शुक्रवारी सकाळी संपल्या, तेव्हा वॉचमनला सांगून आणखी मीच घेतल्या. दाढेच्यापण मीच घेतल्या. आता नळीला लावलेल्या पिशवीचं तोंड सुटतंय, ती धरून टाइप करतोय, चुकलं असेल तर समजून घ्या.

सुलभाकाकू: अहो अण्णा, फोन ठेवा आणि आडवे व्हा.

केदार: अण्णा, ग्रुपवरचा सगळ्यात शुद्ध मेसेज तुमचा.

नाना: पेटीची किल्ली मी श्रुतीला देतो. काय करायचे ते तिने ठरवावे.

श्रुती: नको, मला किल्ली नको. पेटी रिकामी करू. बँडेज, ओआरएस, थर्मामीटर राहू दे. गोळ्या सगळ्या काढा. मुदत संपलेल्या ओल्या कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. घरगुती घातक कचरा म्हणून पिशवीत वेगळ्या बांधा आणि घंटागाडीवाल्याला सांगून द्या.

सेक्रेटरी: घंटागाडीवाला घेईल का?

श्रुती: विचारा. मी नाही विचारणार, माझा रविवार संपत आला.

भाऊ बी-१०३: मोटर सुरू झाली. धन्यवाद, कोणी केली माहीत नाही.

मेधा (११:०२): नाना, ठीक आहे.

नाना: 🙏

सुलभाकाकू: मेधा, खिचडीचा डबा साडेबाराला देते पाठवून. परत द्यायची घाई नाही, पण झाकण निळं आहे. मागच्या वेळी पांढरं आलं होतं.