मदत हवी आहे: अटींची आवृत्ती आणि ग्राहकाची संमती, नोंद नेमकी कशी ठेवायची?

नवीन ऑनलाइन दुकान सुरू होण्याआधीची कायदेशीर तयारी चालू आहे. पैसे भरण्याचं पान पेमेंट गेटवेकडेच (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेकडेच) आहे, त्यामुळे कार्डाचा क्रमांक आपल्याकडे येत नाही. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवताच येत नाही, तो प्रश्न मिटला.

अडलंय ते संमतीपाशी. डेटाबेसमध्ये नुसतं 'मान्य: होय' ठेवलं, तर सहा महिन्यांनी अटी बदलल्यावर जुन्या ऑर्डरला कोणत्या अटी लागू होत्या हे सिद्ध करता येणार नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत आवृत्ती क्रमांक, वेळ आणि मजकुराचा हॅश (मजकुरातून काढलेला छोटा संकेतांक, मजकूर बदलला की तोही बदलतो) ठेवायचा विचार आहे. हे पुरेल, की त्या दिवशीची पूर्ण पीडीएफ ग्राहकाला मेलनेही पाठवावी?

दुसरं, युरोपीय संघातल्या ग्राहकांना माल हाती पडल्यापासून 14 दिवस करार रद्द करता येतो. हा हक्क आधी कळवलाच नाही तर मुदत 12 महिन्यांनी वाढते. मग ही सूचना अटींच्या पोटात न ठेवता ऑर्डरच्या मेलमध्ये वेगळी द्यावी का?

जाहिरातीच्या मेलची संमती वेगळ्या, आधीच टिक न केलेल्या चौकटीत घेतोय. ग्राहकाने माहिती पुसायला सांगितली, तर बिलं ठेवून बाकीचं कसं वेगळं काढता?