हा लाँग उपसागरातील तरंगती गावे पाहायची असल्यास कोणता मार्ग निवडावा?

सागरओढ :
येत्या नोव्हेंबरमध्ये व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात एक रात्र जहाजावर मुक्काम करण्याचा आमचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. सुळके आणि गुहा पाहायच्या आहेतच, परंतु आम्हांला खरी ओढ आहे ती पाण्यावर वसलेल्या कोळ्यांच्या गावांची. सहल-कंपन्यांच्या पत्रकांत कुआ वान, वुंग वियेंग, काय बेओ अशी वेगवेगळी नावे दिसतात आणि प्रत्येक ठिकाणचे वर्णन मात्र एकसारखेच असते. या गावांत आजही लोक राहतात का? आणि आमच्या जाण्याने तिथल्या लोकांना दोन पैसे मिळतील असा मार्ग कोणता? जाणकारांनी कृपया सांगावे.

भूगोलप्रेमी :
आपण विचारलेला पहिला प्रश्न फार कमी प्रवासी विचारतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. 2014 मध्ये क्वांग निन्ह प्रांताच्या प्रशासनाने हा लाँगमधील तरंगत्या गावांतील 300 हून अधिक कुटुंबांचे किनाऱ्यावरील नव्या वसाहतीत पुनर्वसन केले. वादळांचा धोका, मुलांचे शिक्षण, सांडपाणी आणि उपसागराचे प्रदूषण ही त्यामागची कारणे होती. कुआ वानला पाण्यावरच शाळा भरत असे, तरीही पुढच्या शिक्षणासाठी किनारा गाठण्यावाचून मुलांना गत्यंतर नव्हते. त्यामुळे आज कुआ वान आणि बाई तू लोंग उपसागरातील वुंग वियेंग येथे आपल्याला घरे दिसतील, होड्या दिसतील, मोत्यांच्या शिंपल्यांची शेतीही दिसेल. पण पूर्वीसारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार तिथे उरलेला नाही. पत्रकात हे सांगितलेले नसते आणि ते सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही गावे नेमकी तिथेच का वसली, हे जहाजावरून चांगले समजते. सुमारे 1,550 चौरस किलोमीटरच्या या उपसागरात चुनखडीची लहान-मोठी 1,969 बेटे आहेत. पाण्याने झिजलेल्या चुनखडीच्या डोंगराळ प्रदेशात पुढे समुद्र शिरला आणि डोंगरांचे माथे तेवढे बेटांच्या रूपाने वर राहिले. अशा बेटांनी वेढलेल्या कोपऱ्यांत लाटा पोहोचत नाहीत, पाणी तळ्यासारखे स्थिर असते, आणि म्हणूनच तिथे तराफे बांधून राहणे व जाळ्यांच्या पिंजऱ्यांत मासे वाढवणे शक्य झाले.

तराफ्यांवरचे चालते काम पाहायचे असेल, तर दक्षिणेकडे, हाय फाँग शहराच्या हद्दीतील ‘लान हा’ उपसागराचा मार्ग घ्यावा. कात बा बेटाच्या बेओ धक्क्याजवळच काय बेओ आहे. तिथेही अलीकडे प्रशासनाने तराफ्यांची संख्या बरीच कमी केली आहे. तथापि मत्स्यपालन सुरू आहे, आणि हेकरूसारखे मासे पिंजऱ्यांत वाढवताना पाहता येतात. या परिसरात माणसाचा वावर प्रागैतिहासिक काळापासून आहे. काय बेओचे पुरातत्त्वीय स्थळ 1938 मध्ये उजेडात आले, आणि 2023 मध्ये कात बा द्वीपसमूहाचा हा लाँगच्या जागतिक वारसा क्षेत्रात समावेश झाला.

वल्हे :
भूगोलप्रेमी यांनी दिलेली माहिती योग्य आहे, परंतु त्यावरून कुआ वान किंवा वुंग वियेंग टाळावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिथे पर्यटकांना होडीतून फिरवणारे अनेक जण, विशेषतः स्त्रिया, याच गावांतील जुने रहिवासी आहेत. पुनर्वसनानंतर मासेमारीचे उत्पन्न घटलेल्या कुटुंबांना वल्हवण्याच्या मजुरीचा आधार आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने तो मार्गही तितकाच योग्य ठरतो. होडीचे भाडे बहुधा सहलीच्या शुल्कातच असते. त्याहून अधिक काही द्यायचे झाल्यास ते वल्हवणाऱ्या व्यक्तीच्या हाती, डाँग या व्हिएतनामी चलनातच द्यावे.

उत्तरायण :
नोव्हेंबरची निवड उत्तम आहे. जानेवारी ते मार्च या काळात धुके आणि बारीक पावसामुळे पुढचा सुळकाही धूसर दिसतो, तर जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ असतो. सप्टेंबर 2024 मधील यागी वादळाने या भागातील पर्यटक नौका बुडाल्या आणि माशांचे तराफे उद्ध्वस्त झाले. 19 जुलै 2025 रोजी तर अचानक आलेल्या वावटळीत एक पर्यटक नौका उलटून 30 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. म्हणून महिना कोणताही असो, लाइफ जॅकेट कुठे ठेवले आहे हे जहाजावर चढताच पाहून घ्यावे, आणि हवामानामुळे बंदर प्रशासनाने जहाजे रोखली तर शुल्काचे काय होणार, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारावे. प्रशासनाने थांबवले असताना ‘काहीतरी व्यवस्था करा’ असा आग्रह प्रवाशांनी कधीही धरू नये.

सागरओढ :
सर्वांचे मनापासून आभार. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. जहाजातून होडीत उतरणे तिला जमेल का?

वल्हे :
मोठे जहाज नांगरून ठेवतात, तिथून लहान मोटरबोटीने गावाच्या तराफ्यापर्यंत नेतात आणि मग वल्ह्याच्या होडीत बसवतात. म्हणजे दोनदा चढ-उतार होते. होडी हलत असते, पण पाणी शांत असते आणि हात धरायला माणसे असतात, त्यामुळे सावकाश उतरल्यास बहुतेक ज्येष्ठांना ते जमते. होडीत पाय मोडून बसावे लागेल की फळीची बैठक आहे, हे मात्र आधी विचारून घ्या. ‘सुंग सोत’ गुहेच्या आणि ‘ती तोप’ बेटाच्या पायऱ्या आईंना अधिक जड जातील. त्या वेळी त्यांनी डेकवर थांबावे आणि आपली शक्ती गावाच्या फेरीसाठी राखून ठेवावी. एका रात्रीच्या सहलीत दुपारी चढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरावे लागते. शक्य असल्यास दोन रात्रींची सहल घ्या, म्हणजे त्यांना घाई होणार नाही.