हरण्यातून ॲस्ट्रोजच्या हाती काय लागलं?

'जिम क्रेन मालक झाल्यावर ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा अमेरिकी बेसबॉल संघ मुद्दाम हरला, म्हणून कोरेआ हा खेळाडू मिळाला' हे पटत नाही. ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा, क्रम तेव्हा आदल्या हंगामावर ठरायचा: सर्वांत जास्त हरलेला संघ पहिला. २०१२चा पहिला क्रमांक २०११च्या १०६ पराभवांचा. क्रेन आले नोव्हेंबर २०११मध्ये. खरी हुशारी पैशांत होती: कोरेआच्या जागेसाठी ७२ लाख डॉलर ठरलेले, करार ४८ लाखांत. वाचलेल्यातून ४१व्या क्रमांकावर निवडलेल्या मॅकलर्सला २५ लाख देता आले.

क्रेन यांच्या काळातल्या १०७ आणि १११ पराभवांनी मिळवून दिले ॲपल आणि एकेन हे खेळाडू. ॲपल ह्यूस्टनच्या मुख्य संघात कधी खेळलाच नाही. एकेनचा करार कोपराच्या तपासणीवरून फिसकटला. भरपाई म्हणून २०१५चा दुसरा क्रमांक मिळाला, त्यावर ब्रेगमन आला. हे मात्र निव्वळ नशीब!