नाताळची कार्डं: तुमचे अनुभव सांगा ना

डिसेंबर जवळ आला की मी अजून कार्डं लिहायला बसते, लांब गेलेल्या मैत्रिणींना. मेसेज तर रोजचेच, पण पाकिटावर तिचं ते तिरकं अक्षर दिसलं की ती शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. हे छापील कार्ड सुरू झालं १८४३ मध्ये लंडनला. हेन्री कोलकडे उत्तरं द्यायची पत्रं इतकी साचली की त्याने जॉन हॉर्सलीकडून चित्र काढून घेऊन हजारेक कार्डं छापून घेतली, म्हणजे वेळ वाचवायला निघालेली गोष्ट, आणि मी तिच्यासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवते. तुम्ही कोणाला पाठवता? लिहा.

*

आमचं दोघींचं एकच कार्ड आहे! एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. दरवेळी खाली एक ओळ आणि तारीख. आतली जागा केव्हाच संपली, आता कागद चिकटवत चिकटवत ते जाडजूड झालंय. मागच्या वेळी तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता तर ओळ मुलाने लिहिली, पण सही तिने डाव्या हाताने केली, ती वाकडीतिकडी सही मी किती वेळ बघत बसले होते.

*

मी नोव्हेंबरच्या मध्यालाच टाकतो, परदेशातलं टपाल डिसेंबरच्या गर्दीत अडकतं. एकदा मित्राचं कार्ड फेब्रुवारीत आलं. खरं सांगू, तेव्हा जास्त आनंद झाला, कारण यंदा विसरला असं मी मनाशी धरून बसलो होतो आणि त्याने वेळेवरच टाकलं होतं, शिक्क्यावर तारीख होती.

*

आमच्याकडे बाबा युनिसेफची कार्डं आणायचे. त्यांचं पहिलं कार्ड १९४९ चं, चेकोस्लोव्हाकियातल्या यितका नावाच्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. युद्धानंतर मिळालेल्या मदतीचे आभार म्हणून तिने ते काढलं, कागद नव्हता म्हणून काचेवर. बाबांनी हे सांगितल्यावर मी पेनफ्रेंडला विकतची कार्डं पाठवणं बंदच केलं, स्वतः काढायला लागले. चित्रं यथातथाच असायची. तिने सगळी जपून ठेवलीत, पहिल्यांदा भेटलो तेव्हा डबा उघडून दाखवला आणि आम्ही दोघी रडलो.

*

हे सगळं वाचत होतो आणि आत्ताच पोस्टमन येऊन गेला. तिकीट बघूनच कळलं कोणाचं ते. माझं नंतर लिहितो, आधी हे उघडतो.