प्रत्येक सोनं शिरेतलं नसतं

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचा दाखला देऊन तुम्ही म्हणता की सोनं म्हणजे क्वार्ट्झची शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेला गारेचा पट्टा. कोलारपुरतं ते खरंच आहे, पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधलं किडस्टन बघा. तिथलं सोनं ब्रेशियाच्या नळीत, म्हणजे फुटलेल्या खडकाच्या उभ्या खांबात होतं. नळीची रुंदी साधारण एक किलोमीटर!

खाली शिलारस थंड होताना त्यातलं पाणी नि वायू वेगळे होतात, दाब वाढतो आणि माथ्यावरचा खडक फुटतो. मग तुकडे खाली बसतात, मधे पोकळ्या राहतात. पण स्फोटासोबतच सोनं आलं असं समजू नका. ते आणणारे गरम द्रव बहुतांशी नंतरचे. त्यांनी पोकळ्या आणि समांतर बारीक भेगा क्वार्ट्झ, कार्बोनेट, सल्फाइड अशा खनिजांनी भरल्या, त्यातच सोनं. शिवाय सोनं नळीभर सारखं नाही, मुख्यतः कडेच्या कड्यासारख्या पट्ट्यात. त्यामुळे मधोमध बोअर मारून 'इथे काही नाही' म्हणणं घाईचं ठरतं.

प्रत तशी हलकीच, टनामागे एक-दोन ग्रॅम. म्हणून कोलारसारखे खोल बोगदे नाहीत, सरळ उघडी खाण. 1985 ते 2001 चालली.