मदत हवी आहे: गोदामांच्या जागा ठरवणारं मॉडेल १८ टक्के गॅपवर अडकलंय

नमस्कार. दोन आठवडे यातच डोकं घालून बसलोय, आता जाणकारांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

३ कारखाने, ४०० ग्राहक, २५ उत्पादनं. मधल्या गोदामांसाठी ३० जागा विचारात आहेत, त्यातल्या ९ ठिकाणी आज गोदामं चालू आहेत. कुठली ठेवायची, कुठली बंद करायची, नवी कुठे उघडायची आणि कुणाचा माल कुठून जाणार, हे सगळं एकत्र ठरवायचं आहे.

आधी मागणीचा गुरुत्वमध्य काढून जागा निवडल्या होत्या. पण ती पद्धत अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते आणि आमचं भाडं साध्या अंतरावर लागतं. त्यामुळे लांबचा एखादा ग्राहक अख्खं गोदाम आपल्याकडे ओढून न्यायचा. गोदामाचा स्थिर खर्च तर त्यात येतच नाही. म्हणून मिश्र पूर्णांक मॉडेल लिहिलं: प्रत्येक जागेला ० किंवा १ असा एक चल, आणि कुठला माल कुठून कुठे किती जातो त्याचे ३ लाखांवर चल. बंद गोदामातून माल निघू नये म्हणून 'गोदामातून जाणारा एकूण माल ≤ एम × चल' असं बंधन घातलंय. एम म्हणजे मुद्दाम घेतलेला मोठा आकडा; तो १० लाख पेट्या धरलाय, कमी पडायला नको म्हणून. क्षमतेचं बंधन वेगळं आहे. सगळ्यात मोठं गोदाम ४० हजार पेट्यांचं.

सीबीसी या सॉल्व्हरवर (असे प्रश्न सोडवणारी संगणक प्रणाली) ६ तास चालवूनही गॅप, म्हणजे हाती आलेल्या उत्तराचा खर्च आणि खर्च याहून कमी होऊच शकत नाही अशी खालची सीमा यांतला फरक, १८ टक्क्यांच्या खाली येत नाही. विक्री विभागाला एका ग्राहकाचा सगळा माल एकाच गोदामातून हवाय, ती अट तर मी भीतीने घातलेलीच नाही. या उत्तरावर काही गोदामं बंद होतील, तिथल्या माणसांच्या कामाचा प्रश्न आहे. १८ टक्क्यांच्या अनिश्चिततेवर 'हे बंद करा' असं सांगायला माझं मन धजत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

एममध्ये चुकतंय. खालची सीमा काढताना सॉल्व्हर ० आणि १ च्या मधल्या किमतीही चालवून घेतो. तुमचं ४० हजार पेट्यांनी गच्च भरलेलं गोदाम ०.०४ इतकंच 'उघडलं' तरी बंधन पाळलं जातं, म्हणजे स्थिर खर्चाचे फक्त ४ टक्के मोजले जातात. सीमा तळाशी राहणारच. एमच्या जागी प्रत्येक गोदामाची स्वतःची क्षमता टाका, मग वेगळं क्षमतेचं बंधनही लागणार नाही.

आणि विक्री विभागाची अट घालाच! ग्राहक आणि गोदाम अशा प्रत्येक जोडीला एक ०-१ चल दिला की ३० × ४०० = १२ हजार चल होतात, पण गोदाम ते ग्राहक या टप्प्याचे ३ लाख चल गळून पडतात, कारण जोडी ठरली की माल किती ते मागणीवरूनच कळतं. शिवाय 'जोडीचा चल ≤ गोदामाचा चल' हे बंधन जोडीगणिक वेगळं लिहा. बंधनं वाढतात, पण सीमा घट्ट होते. जेफ्रियन आणि ग्रेव्ह्ज यांनी १९७४ मध्ये हीच अट धरून बेंडर्स विघटनाने (मोठा प्रश्न दोन भागांत तोडून आलटून पालटून सोडवण्याची पद्धत) असा प्रश्न सोडवला होता: जागा आणि जोड्या ठरल्या की उरतो तो प्रत्येक उत्पादनाचा साधा वाहतुकीचा प्रश्न.

धागाकर्ता

मनापासून आभार. फक्त एम बदलला तर ४० मिनिटांत गॅप ३ टक्क्यांवर आला! जोड्यांचं मॉडेल आज रात्री लिहितो.

एक शंका राहते. सुरक्षा साठ्याचा, म्हणजे मागणी अचानक वाढली तर कमी पडू नये म्हणून ठेवलेल्या जादा मालाचा, खर्च मी धरलेला नाही. वर्गमुळाच्या नियमाने (साठा गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो) ९ गोदामांची ४ केली तर हा साठा दोन तृतीयांशावर येतो, पण तो नियम प्रत्येक ठिकाणची मागणी स्वतंत्र धरतो. आमच्याकडे महिनाअखेरीला सगळ्यांची मागणी एकदमच चढते, तेव्हा एवढी बचत खरी मानायला मी तयार नाही. शिवाय वर्गमूळ रेषीय मॉडेलमध्ये सरळ बसत नाही. तुकड्यातुकड्यांच्या रेषांनी मांडावं, की साठ्याचा हिशेब बाहेर करून वरच्या चार-पाच पर्यायांची तुलना करावी? कुणी केलं असेल तर सांगा.