मदत हवी आहे: नाळीच्या भाजीने खरंच रक्त वाढतं का? (बहीण गरोदर आहे)

नमस्कार मंडळी, थोडं घाईचं आहे म्हणून सरळ विचारते. बहिणीला पाचवा महिना चालू आहे, सध्या माहेरी आलीय आमच्याकडे वसईला, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८ आलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात पण घेतल्या की तिला मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि आमची आजी म्हणते गोळ्या उष्ण पडतात, बंद कर त्या, रोज नाळीची भाजी खा, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या. आजीचा शब्द आमच्याकडे कोणी खाली पडू देत नाही, आणि बहिणीला पण तेच ऐकायचंय कारण गोळी नकोच आहे तिला.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, ही पाण्यावर पसरत जाते, देठ आतून पोकळ, पेरापेराला मुळं फुटलेली, पान लांबट बाणाच्या टोकासारखं, फूल पांढरट-जांभळं. काही जण कलमी म्हणतात. बावखलाच्या (आमच्याकडचं छोटं तळं) कडेला पावसाळ्यात नुसती माजते. आम्ही कोवळे शेंडे खुडून लसणीच्या फोडणीवर जवळा घालून करतो, कधी भिजवलेली चणाडाळ, वरून ओलं खोबरं. शिजली तरी देठ किंचित करकरीत राहतं, मला तर पालकापेक्षा कितीतरी जास्त आवडते, म्हणजे भाजीवर माझा काही राग नाहीये उलट ती ताटात राहावी असंच वाटतं.

नेटवर अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता मिळाला. १०० ग्रॅम कच्च्या भाजीत लोह १.६७ मिलिग्रॅम, कॅल्शियम ७७, मॅग्नेशियम ७१, क जीवनसत्त्व ५५ मिलिग्रॅम, प्रथिनं २.६ ग्रॅम, फोलेट ५७ मायक्रोग्रॅम, उष्मांक फक्त १९. आता हे आकडे चांगले की साधारण हेच मला कळत नाही. पालकात लोह २.७ दाखवतात, मग आजी म्हणते तसं हिच्यात विशेष काय आहे?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. आमच्या बावखलाला आता मागच्या नवीन बिल्डिंगचं सांडपाणी येऊन मिळतं. भाजी अजूनही हिरवीगार येते, उलट आधीपेक्षा जोमाने येते. आई म्हणते मिठाच्या पाण्यात धुतली की झालं. गरोदर बाईला अशी भाजी द्यावी का? बाजारातून आणावी तर ती तरी कुठली असते कोण जाणे.

आणि शेवटचं, नाल्याकडेला ते बेशरम वाढतं त्याचं फूल पण साधारण असंच दिसतं, खुडताना गफलत होऊ शकते का?

कोणी आहारतज्ज्ञ असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद, पाटीवरवंटा:
ताई, आहारशास्त्र शिकलेय म्हणून लिहिते. आधी गोळी बंद करू देऊ नका. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. तुम्ही दिलेल्याच आकड्याने हिशोब करा, एका गोळीएवढं लोह मिळवायला साडेतीन किलोच्या वर नाळीची भाजी खावी लागेल रोज, आणि पालेभाजीतलं लोह शरीरात मुरतं पण कमी. गरोदरपणात दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत आहे, ते धडधाकट बाईसाठी. तुमची बहीण आधीच खाली आहे, तिला ती तूट पण भरायचीय.

पण आजी अगदी चुकीचं सांगत नाहीत हो. पालकात लोह जास्त दिसतं तरी त्यात ऑक्झॅलेट (खनिजांना बांधून ठेवणारं द्रव्य) भरपूर, शिवाय क जीवनसत्त्व नाळीच्या भाजीच्या साधारण निम्मं. हे क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, फक्त शिजवताना बरंच उडून जातं, म्हणून भाजी झटपट परतायची, झाकून गाळ करायची नाही, आणि ताटात लिंबू पिळायचं. फोडणीचं तेल आणि खोबरं ठेवाच, अ जीवनसत्त्वाचं कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. जवळा घालता ते तर फारच छान, मासळीतलं लोह चांगलं लागू पडतं आणि तिच्यासोबत भाजीतलं पण.

मळमळीचं डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून किंवा वेळ बदलून देतात, रात्री झोपताना घेतली तर बऱ्याच जणींना सोसते. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नको. जेवणावर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ दे.

प्रतिसाद, तळ्याकाठचा:
पाण्याचं मी सांगतो. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम वगैरे ओढून घेते, सांडपाणी साफ करायला हिचा वापर करून बघतात तो याच गुणामुळे. धातू एकदा देठापानात गेले की मिठाने धुवून जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत. शिसं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला घातक. सांडपाण्याने खत मिळाल्यासारखी भाजी जोमाने वाढते म्हणून हिरवीगार दिसण्यावर विश्वास ठेवू नका. त्या बावखलातली भाजी बहिणीलाच काय घरात कोणालाच देऊ नका. मुंबईत रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या पालेभाज्यांचं दुखणं हेच आहे.

जंतूंचं वेगळं, ते शिजवल्याने मरतात. पाणवनस्पतींना चिकटून आतड्यात जाणारा एक चपटा कृमी बिहार-उत्तर प्रदेशकडे सापडतो, म्हणून ही भाजी कच्ची, कोशिंबिरीत कधीच नको.

बेशरम म्हणजे उभं झुडूप, खालचा बुंधा लाकडासारखा, पान मोठं हृदयाच्या आकाराचं, फूल गुलाबीसर आणि मोठं. ते विषारी आहे, शेळ्यांनी खाल्लं तर त्यांच्या नसांवर परिणाम होतो. फुलावरून ओळखायला जाऊ नका. पाण्यावर किंवा चिखलावर आडवी पसरलेली आणि पेरांना मुळं असलेलीच खुडायची, उभं काही दिसलं तर हात लावायचा नाही.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार. साडेतीन किलोचा हिशोब आजीला वाचून दाखवला, ती थोडा वेळ काही बोलली नाही मग म्हणाली गोळी घेऊ दे पण भाजी पण कर. उद्या डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून मागतेय. बावखलाची भाजी बंद केली, आईला पटायला जड गेलं कारण ती लहानपणापासून तिथलीच खुडत आलीय. आता एकच विचारायचंय, हिचे देठ कुंडीत लावले तर येतात का? पेराला मुळं असतातच म्हणून वाटलं.

प्रतिसाद, तळ्याकाठचा:
सहज येतात. वीतभर देठ, दोन-तीन पेरं मातीत जातील असं लावा. भोक नसलेल्या टबात चिखल करून वर दोन बोटं नळाचं पाणी ठेवा, ऊन भरपूर हवं. महिन्याभरात खुडायला येते. फक्त देठ त्या बावखलातले नकोत, स्वच्छ ठिकाणचे मागून आणा. आणि टबात डासांची अंडी होतात, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला किंवा दोन गप्पी मासे सोडा, घरात गरोदर बाई आहे.